सायकलच्या आजोबाला फूटपाथवरून हाकललं, तिथून सुरू झालं दोनशे वर्षांचं भांडण

पहाटे साडेपाच-सहाला यवतमाळ, पुसद किंवा वणीच्या कुठल्याही मोठ्या रस्त्यावर एक चक्कर मारा. कडेनं चालायला निघालेले काका-काकू दिसतील, तिघं-चौघं एका ओळीत, गप्पांत रंगलेले. मागून एखादा पोरगा सायकलवर येतो. तो घंटी वाजवतो. काका दचकून उजवीकडे सरकतात, काकू डावीकडे, आणि सायकलवाल्याला समजत नाही की आता मधून घालू की थांबू. मग थोडी बाचाबाची होते. काकांचं म्हणणं असतं की ही चालायची जागा आहे, पोराचं म्हणणं असतं की रस्त्यावर ट्रक आहेत, मी जाऊ कुठे?

दोघांचंही बरोबर असतं, हीच तर पंचाईत आहे.

हे भांडण आजकालच्या जॉगिंग ट्रॅकवर सुरू झालं असं वाटत असेल, तर जरा थांबा. या भांडणाला जन्मसाल आहे, जन्मगाव आहे, आणि ज्याच्यामुळे ते सुरू झालं तो माणूसही इतिहासाला माहीत आहे. साल १८१७. गाव जर्मनीतलं मानहाइम. माणसाचं नाव कार्ल द्राइस. जगातली पहिली दुचाकी त्यानं बनवली आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात त्याच्याच गावानं ती फूटपाथवर चालवायला बंदी घातली.

या माणसाचं पुढे काय झालं, ते वाचण्यासारखं आहे.

न्यायाधीशाचा पोरगा, जंगल खात्यातला नोकरदार

कार्ल द्राइसचा जन्म २९ एप्रिल १७८५ चा, कार्ल्सरूह या गावातला. तेव्हा आज आहे तसा एकसंध जर्मनी देश नव्हता, छोटी-मोठी संस्थानं होती. त्यातल्या बाडेन नावाच्या संस्थानाची राजधानी म्हणजे कार्ल्सरूह. द्राइस घराणं सरदारांचं. बाप कायद्याचा माणूस, पुढे बाडेनच्या वरिष्ठ न्यायालयाचा प्रमुख झाला. खुद्द राजा या पोराचा धर्मपिता होता. म्हणजे आपल्याकडच्या भाषेत सांगायचं तर पोरगा वशिल्याच्या घरात जन्मला होता.

हायडेलबर्गच्या विद्यापीठात त्यानं गणित, भौतिकशास्त्र आणि बांधकामशास्त्र शिकलं. पण घरच्यांनी त्याला लावलं जंगल खात्यात. तिथे तो वनाधिकारी झाला खरा, पण डोकं झाडांत रमेना. शेवटी १८११ च्या सुमारास संस्थानानं त्याला पगार चालू ठेवून कामातून मोकळं केलं, की बाबा, तू तुझी यंत्रं बनव. सरकारी नोकरीत पगारी रजेवर शोध लावायला मोकळीक मिळालेला असा माणूस तेव्हाही दुर्मीळ होता आणि आजही आहे.

१८१३ मध्ये त्यानं चार चाकांची एक गाडी केली. घोडा नाही, आत बसलेल्या माणसांनीच ती चालवायची. ती घेऊन तो व्हिएन्नाच्या प्रसिद्ध परिषदेपर्यंत गेला. नेपोलियन पडल्यावर युरोपचे राजे-महाराजे तिथे नकाशे वाटून घ्यायला जमले होते. त्यांना या गाडीत काही रस वाटला नाही.

मग त्यानं दोन चाकं काढून टाकली.

हे वाक्य सोपं वाटतं, पण हा सगळ्यात मोठा धाडसी विचार होता. एकामागे एक दोन चाकं ठेवली तर गाडी उभी राहणार नाही, हे कुणीही सांगेल. द्राइसनं ओळखलं की ती उभी राहणार नाही, पण चालती ठेवली आणि पुढचं चाक वळवता आलं तर पडणारही नाही. ज्या बाजूला तोल जातो त्या बाजूला पुढचं चाक किंचित वळवायचं, की गाडी पुन्हा सावरते. आपण सगळे हे नकळत करतो.

त्याच्या या यंत्राला पायडल नव्हते. लाकडी सांगाडा, लाकडी चाकं, मध्ये बसायला गादी. बसायचं आणि दोन्ही पायांनी जमिनीला रेटा देत पळायचं. वजन साधारण २२ किलो. मागच्या चाकाला दोरी ओढून लागणारा ब्रेकही होता. त्यानं नाव दिलं लाउफमाशिन, म्हणजे पळायचं यंत्र. लोक त्याच्या नावावरून त्याला द्राइझिन म्हणायला लागले.

१२ जून १८१७ ला तो मानहाइमच्या आपल्या घरून निघाला आणि श्वेत्सिंगेनच्या वाटेवर टपालाचे घोडे बदलायचं जे ठाणं होतं तिथपर्यंत जाऊन परत आला. जाऊन-येऊन साधारण तेरा-चौदा किलोमीटर, आणि वेळ लागला तासाच्या आत. तेव्हा टपालगाडीलाही एवढा वेग नव्हता.

हा काळ आपल्याकडचा कोणता, तेही पाहून घ्या. त्याच वर्षी नोव्हेंबरात खडकीची लढाई झाली. पुढच्या एप्रिलात दुसऱ्या बाजीरावाची फौज पांढरकवड्याजवळ इंग्रजांपुढे मोडली. म्हणजे आपल्या जिल्ह्यातून पेशवाई शेवटची धावपळ करत होती, तेव्हा तिकडे एक सरदारपुत्र लाकडी यंत्रावर बसून पायांनी जमीन रेटत होता.

यात एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. १८१५ मध्ये इंडोनेशियात तांबोरा ज्वालामुखी फुटला. त्याची राख आणि वायू इतके वर गेले की १८१६ मध्ये युरोपात उन्हाळाच आला नाही. पिकं बुडाली, ओट महागले, घोड्यांना चारा मिळेना. द्राइसच्या आयुष्यावर संशोधन करणाऱ्या एका अभ्यासकाचा तर्क असा, की घोड्याविना चालणारं वाहन करायची निकड त्यातूनच आली. सगळ्यांना हा तर्क पटत नाही, कारण चार चाकांची गाडी तर त्यानं आधीच केली होती. पण वेळ मात्र नेमकी जुळते.

चाकोरीत अडकलेली सायकल

आता मुद्द्याची गोष्ट. हे यंत्र चालवायचं कुठे?

द्राइसनं पहिल्या फेरीसाठी जो रस्ता निवडला तो बाडेनमधला सगळ्यात चांगल्या रस्त्यांपैकी होता, राजाच्या उन्हाळी महालाकडे जाणारा. बाकीचे रस्ते म्हणजे चिखल, आणि त्यात बैलगाड्या-घोडागाड्यांच्या चाकांनी पाडलेल्या खोल चऱ्या. मराठीत या चरीला चाकोरी म्हणतात. हल्ली आपण चाकोरीबाहेरचा विचार वगैरे म्हणतो, पण खरी चाकोरी काय असते ते काळ्या मातीतल्या माणसाला विचारा. पावसाळ्यात वऱ्हाडातल्या पांदण रस्त्यावर बैलगाडीच्या चाकोरीत सायकलचं पुढचं चाक गेलं की ते वळत नाही. आणि चाक वळलं नाही की तोल सावरता येत नाही. माणूस सरळ धुऱ्यावर.

द्राइसच्या यंत्राचं हेच झालं. त्याचा सगळा तोल पुढचं चाक वळवण्यावर आणि रस्ता मात्र वळू देत नाही. म्हणून लोकांनी साहजिक मार्ग काढला. शहरात घरांच्या कडेनं पायी चालणाऱ्यांसाठी सपाट पट्टी होती, ते तिच्यावर गेले.

आणि पायी चालणारे चिडले. त्यांची चूक नव्हती. बावीस किलोचं लाकूड, वर अख्खा माणूस, वेग चालण्याच्या तिप्पट, घंटीबिंटी काही नाही. शिवाय हे यंत्र परवडायचं श्रीमंतांच्या हौशी पोरांना. म्हणजे ज्यांच्याकडे घोडेही होते, तेच आता फूटपाथवरही आले. भाजी घेऊन चाललेल्या बाईनं का म्हणून बाजूला व्हावं?

१८१७ च्या डिसेंबरात मानहाइमनं फूटपाथवर हे यंत्र चालवायला मनाई केली. पहिल्या फेरीला जेमतेम सहा महिने झाले होते.

पुढच्या महिन्यात, १२ जानेवारी १८१८ ला, बाडेनच्या राजानं द्राइसला या यंत्राचा दहा वर्षांचा हक्क दिला. आज आपण ज्याला पेटंट म्हणतो तसा. सोबत यंत्रशास्त्राचा प्राध्यापक ही पदवी आणि तहहयात वेतन. म्हणजे एकीकडे सरकार म्हणतं, तुझा शोध थोर आहे, घे मानपत्र. दुसरीकडे गाव म्हणतं, तो आमच्या फूटपाथवर आणायचा नाही. आणि तो जिथे आणायचा तो रस्ता कुणीच दुरुस्त करत नाही. आपल्याकडच्या कुठल्याही नगरपालिकेच्या कारभाराशी याचं साम्य वाटलं तर तो योगायोग समजावा.

बाडेनबाहेर त्याच्या हक्काला कुणी विचारत नव्हतं. लंडनमध्ये डेनिस जॉन्सन नावाच्या गाडी बनवणाऱ्या कारागिरानं १८१८ च्या अखेरीस सुधारित नक्कल करून स्वतःच्या नावावर पेटंट घेतलं आणि चालवायला शिकवण्याचे वर्गही काढले. १८१९ मध्ये लंडनच्या शौकीन तरुणांत त्याची लाट आली. व्यंगचित्रकारांना आयतं खाद्य मिळालं. आणि तिथेही गोष्ट तशीच वळली, फूटपाथवर धडका, तक्रारी, दंड, बंदी. मिलान, लंडन, न्यूयॉर्क, एकामागून एक शहरांनी मनाई केली. १८२० मध्ये तर आपल्या कलकत्त्यातही अशी बंदी आली. म्हणजे भारतात सायकल नीट पोचायच्या आधी सायकलवरची बंदी पोचली होती.

माझं मत विचाराल तर बंदी चुकीची नव्हती. चुकलं ते बंदी घालून थांबणं. इथून उठ म्हणून सांगितलं, पण बसायचं कुठे ते सांगितलं नाही. दोन-तीन वर्षांत लाट ओसरली आणि हे यंत्र अडगळीत गेलं. पुढची चाळीसेक वर्षं जग दुचाकीवाचून चालत राहिलं.

एक खून, आणि द्राइसच्या मागे लागलेली माणसं

यंत्र मेलं तरी माणूस जिवंत होता, आणि त्याचे हाल इथून पुढे सुरू झाले.

२३ मार्च १८१९ ला मानहाइममध्येच कार्ल झांड नावाच्या एका विद्यार्थ्यानं कोत्सेबू या नाटककाराचा खून केला. कोत्सेबू हा उदारमतवादी तरुणांच्या दृष्टीनं राजेशाहीचा हस्तक. झांडला मृत्युदंड झाला, माफी मिळाली नाही, आणि मे १८२० मध्ये त्याचं मुंडकं उडवलं गेलं. त्या वेळी बाडेनच्या वरिष्ठ न्यायालयाच्या प्रमुखपदी कोण होता? द्राइसचा बाप. झांडच्या चाहत्यांचा राग बापावर निघेना, तो मुलावर निघाला. रस्त्यावरचा ओळखीचा, विचित्र यंत्रांचा नाद असलेला पोरगा. त्याची टवाळी करणं सोपं होतं.

शेवटी १८२२ मध्ये द्राइसनं देश सोडला आणि थेट ब्राझील गाठलं. तिथे लँग्सडॉर्फ नावाच्या जर्मन संशोधकाच्या वसाहतीत जमीन मोजणीचं काम केलं. ज्या माणसानं युरोपला दोन चाकांवर तोल सांभाळायला शिकवलं, तो आता मोजणीदार होऊन जंगलात साखळी ओढत होता. पाच वर्षांनी, १८२७ मध्ये तो परतला.

परत आल्यावरही डोकं थांबलं नव्हतं. ब्राझीलला जायच्या आधी, १८२१ मध्ये, त्यानं २५ कळांचं टंकलेखन यंत्र केलं होतं. आता त्याला लघुलेखनाची जोड दिली, १६ कळा आणि कागदाची पट्टी. त्याआधी पियानोवर वाजवलेले सूर कागदावर उमटवणारं यंत्रही त्यानं केलं होतं. मांस किसायचं यंत्र, कमी लाकडात जास्त शिजवणारी चूल, काही ना काही चालूच.

यातली एक गोष्ट यवतमाळकरांच्या ओळखीची निघेल. त्यानं रेल्वे रुळावर माणसाच्या बळानं चालणारी गाडी केली. म्हणून युरोपातल्या कितीतरी भाषांत रुळांची पाहणी करायच्या छोट्या गाडीला आजही द्राइझिन म्हणतात. आपल्याकडे रेल्वेचे कर्मचारी जी ट्रॉली ढकलत नेतात आणि मग टुणकन उडी मारून वर बसतात, तीच ही जात. शकुंतलेच्या यवतमाळ–मूर्तिजापूर अरुंद रुळांच्या आठवणी ज्यांच्या घरात आहेत त्यांना ट्रॉली म्हणजे काय ते समजावून सांगायला नको. सायकल आणि ट्रॉली, दोन्हींच्या मुळाशी एकच माणूस.

१८३० मध्ये वडील गेले आणि वरचं छत्र हललं. विरोधक उघड टिंगल करू लागले. १८३८ मध्ये त्याच्यावर जीवघेणा हल्ला झाला, त्यातून तो वाचला आणि ओडेनवाल्डच्या डोंगराळ भागात वाल्डकात्सेनबाख नावाच्या खेड्यात राहायला गेला. तिथे सातेक वर्षं काढली आणि १८४५ मध्ये पुन्हा जन्मगावी, कार्ल्सरूहला आला.

आणि मग आली क्रांती. १८४८-४९ ला युरोपभर राजेशाहीविरुद्ध उठाव झाले, त्यात बाडेन आघाडीवर. साठी ओलांडलेल्या द्राइसनं जे केलं ते पाहून दोन्हीकडचे चक्रावले असतील. त्यानं जाहीर केलं की आपण सरदारकी सोडतो आहोत, यापुढे आपलं नाव नुसतं नागरिक कार्ल द्राइस. ज्याचा धर्मपिता राजा होता, तो राजाविरुद्ध उभ्या राहिलेल्यांच्या ओळीत जाऊन बसला. तीस वर्षांपूर्वी ज्या मताच्या पोरांनी त्याला देशोधडीला लावलं, त्याच मताचा तो निघाला.

प्रशियाच्या फौजांनी क्रांती चिरडली. राजा परतला, आणि हिशेब सुरू झाले. द्राइसला वेडा ठरवून कोंडून ठेवायचे प्रयत्न झाले. बहिणींनी आडवं येऊन ते टाळलं असं सांगतात. पण तहहयात वेतन मात्र काढून घेतलं, क्रांतीचा खर्च भरून काढायला म्हणून. १० डिसेंबर १८५१ ला तो कार्ल्सरूहमध्ये वारला. जवळ म्हणावं असं काहीच नव्हतं.

ज्या गावात तो गेला त्याच गावात तेव्हा सात वर्षांचं एक पोर वाढत होतं. त्याचं नाव कार्ल बेंझ. पुढे मोटारगाडी करणारा तोच.

घंटी कायद्यात आली ती अशी

द्राइस गेल्यावर दहा-पंधरा वर्षांत पॅरिसमध्ये कुणीतरी पुढच्या चाकाला पायडल लावले आणि गाडी पुन्हा सुरू झाली. १८८५ मध्ये इंग्लंडात स्टार्लीनं दोन सारख्या चाकांची, साखळीची सायकल आणली. आज आपण चालवतो तिचा सांगाडा तोच. तीन वर्षांनी डनलॉपचा हवेचा टायर आला. आता चाकोऱ्या आणि खडे पचवणारी सायकल झाली, पण फूटपाथवरचं भांडण तसंच होतं.

इंग्लंडनं ते कसं मिटवलं ते पाहण्यासारखं आहे. तिथे १८३५ च्या रस्ते कायद्यात फूटपाथवरून गाडी हाकायला मनाई होती. प्रश्न असा, की सायकल ही गाडी आहे का? १८८८ मध्ये कायद्यानं सांगून टाकलं, हो, आहे. या एका वाक्यानं सायकलवाल्याला रस्त्यावर गाडीइतका हक्क मिळाला आणि फूटपाथवरचा हक्क गेला. द्राइसला जी जागा सात दशकं आधी हवी होती, ती ही. त्याच कायद्यात आणखी एक अट होती, कुणाला ओलांडून पुढे जाताना घंटी वाजवून सूचना द्यायची. तुमच्या सायकलच्या हँडलवर जी ट्रिंग-ट्रिंग आहे तिचं कुळ तिथवर जातं. ती बाजूला व्हा म्हणायला नव्हती, मी मागे आहे हे कळवायला होती. हा फरक आपण विसरलो आणि पहाटेचे काका दचकायला लागले.

आपल्याकडे सायकल आणणाऱ्यांत एक मोठं मराठी नाव आहे, लक्ष्मणराव किर्लोस्कर. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली तांत्रिक संस्थेत शिकवत असताना त्यांना सायकलचं वेड लागलं. १८८८ च्या सुमारास बेळगावात भावासोबत सायकलचं दुकान काढलं. मुंबईहून सायकली पाठवायच्या आणि बेळगावात रामूअण्णांनी त्या विकायच्या. चालवायला शिकवायची फी पंधरा रुपये. तेव्हाचे पंधरा रुपये म्हणजे चेष्टा नव्हती. लोखंडी नांगर आणि किर्लोस्करवाडी हे सगळं त्यानंतरचं.

आणि फूटपाथचं काय? आपल्या राज्याचा १९५१ चा पोलीस कायदा काढून पाहा, जो आधी मुंबई पोलीस कायदा म्हणून ओळखला जायचा. त्यात फूटपाथवरून कुठलंही जनावर किंवा वाहन हाकायला, ढकलायला किंवा तिथे सोडून द्यायला मनाई आहे. अपवाद फक्त एकाच वाहनाला, बाबागाडीला. म्हणजे मानहाइमनं १८१७ मध्ये केलेला नियम आपल्या पुस्तकातही आहे. सोडून द्यायलाही मनाई आहे, हे फूटपाथवर बुलेट लावणाऱ्यांनी एकदा वाचावं.

आता पाट्यांची गंमत. लायसन्सच्या परीक्षेला आपण सगळ्यांनी त्या पाठ केल्या आणि दुसऱ्या दिवशी विसरलो. गोल पाटी, लाल कडा आणि आत सायकल, म्हणजे इथे सायकल नको. गोल पाटी, निळा रंग आणि आत पांढरी सायकल, म्हणजे ही वाट सायकलींसाठीच राखीव. पुष्कळांना निळी पाटी म्हणजे नुसती माहिती वाटते, जसं पुढे पेट्रोल पंप आहे. ती माहिती नाही, हुकूम आहे. माहितीची पाटी चौकोनी असते.

जर्मनीत, म्हणजे द्राइसच्याच देशात, यात आणखी एक बारकावा आहे. तिथे निळ्या गोलात चालणारी माणसं आणि सायकल अशी दोन्ही चित्रं असतात. मधली रेघ उभी असेल तर वाट विभागलेली, एक बाजू चालणाऱ्यांची, दुसरी सायकलवाल्यांची. रेघ आडवी असेल, म्हणजे माणसं वर आणि सायकल खाली, तर वाट दोघांची मिळून. उभ्या रेघेत ज्यानं त्यानं आपल्या बाजूला राहायचं. आडव्या रेघेत सायकलवाल्यानं चालणाऱ्याला सांभाळून घ्यायचं, गरज पडली तर वेग चालण्याइतका करायचा. एका रेघेची दिशा बदलली की सगळी वागणूक बदलते. इंग्लंडात १९६८ मध्ये घोड्यांच्या जुन्या वाटा सायकलींना खुल्या केल्या तेव्हाही अट हीच होती, पायी माणसाला आणि घोडेस्वाराला आधी वाट द्यायची.

अशी रीत आपल्याला नवी नाही. धुऱ्यावरच्या पायवाटेनं डोक्यावर भारा घेऊन बाई येत असेल तर सायकलवाला खाली उतरतो आणि सायकल हातात धरून तिला जाऊ देतो. कुणी पाटी लावलेली नसते. तिथे दोघं एकमेकांना ओळखतात आणि उद्या पुन्हा भेटणार असतात. शहरातल्या ट्रॅकवर कुणी कुणाला ओळखत नाही, म्हणून तिथे पाटी लागते. शेतातल्या वाटेचा वाद फारच वाढला तर तहसीलदाराकडे जायची सोयही आहे, महसूल संहितेतलं १४३ कलम त्यासाठीच आहे. जॉगिंग ट्रॅकवर मात्र तहसीलदार नसतो.

आपल्याकडे पुष्कळदा होतं असं, की ट्रॅक आधी होतो आणि तो कुणाचा हे नंतर ठरतं. पुण्यातले सायकल ट्रॅक दुचाकी उभ्या करायला वापरले जातात. मुंबईत पवई तलावाच्या कडेनं सायकल आणि पायी चालण्यासाठी मार्ग करायला घेतला, तर वाद वेगळाच उभा राहिला, ती जागा माणसांची की पाणथळीतल्या जिवांची. मे २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं ते बांधकाम बेकायदा ठरवलं. वाटेच्या भांडणात तिसरा पक्ष कधी मगरीही असू शकतात, हे द्राइसच्या स्वप्नातही आलं नसेल.

राहता राहिला द्राइस. मेल्यावर चाळीस वर्षं त्याची आठवण कुणाला नव्हती, होती ती एक वेडसर सरदार म्हणून. मग १८९० च्या दशकात, सायकल घराघरात पोचायला लागल्यावर, जर्मनीतल्या सायकल मंडळांनी त्याला शोधून काढलं. सायकलवाल्यांच्या पुढाकारानं कार्ल्सरूहमध्ये त्याची कबर नीट बांधली गेली आणि गावात स्मारक उभं राहिलं. २०१७ मध्ये पहिल्या फेरीला दोनशे वर्षं झाली तेव्हा जर्मन सरकारनं त्याच्या यंत्राचं २० युरोचं चांदीचं नाणं काढलं. ज्याचं वेतन सरकारनं काढून घेतलं होतं, त्याच्या नावचं.